पाण्यात इस्माईल उतरला होता, मी नाही

इस्माईलच्या नसरीनचा फोन आला तेव्हा मी औंढ्याच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होतो. "चाचा, अब्बा गेले," एवढंच ती आधी म्हणाली आणि मग, नर्सच्या सवयीने, सगळं क्रमाने सांगत गेली. सकाळचा चहा झाला, दुकान उघडलं, खुर्चीत बसून एका मोटारीचं वायंडिंग तपासत होते, हातात टेस्टर होता, आणि मान खाली गेली. तकलीफ काही झाली नाही. मी "बरं, निघतो" म्हणून फोन खिशात ठेवला. भाजीवाली विचारत होती, किती देऊ. मी म्हणालो, सगळ्या दे. का म्हणालो ते अजून कळलेलं नाही. दुपारी डोंगरकड्याला इस्माईलच्या दारात पोहोचलो तेव्हा माझ्या हातात मेथीने फुगलेल्या दोन पिशव्या होत्या. त्याच्या बायकोने, शमीमभाभींनी, रडता रडता त्या पिशव्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, हे काय, म्हशी पाळल्या का?" भोवती बसलेल्या दोघी-तिघींना हसू आवरलं नाही. इस्माईलच्या घरात मयतीच्या दिवशीही हसण्यासारखं काहीतरी घडणारच. तो असता तर सगळ्यांत मोठ्याने तोच हसला असता.

शेख इस्माईल हा धंद्याने मोटार दुरुस्त करणारा. कळमनुरी तालुक्यात त्याला लोक ओळखत ते मात्र विहिरीत उतरणारा म्हणून. पाण्यातली मोटार अडकली, पाइपाच्या तळाचा फुटव्हॉल्व्ह निसटला, कुणाची कळशी पडली, कुणाचं मंगळसूत्र पडलं, की बोलवा इस्माईलला. ना नळी, ना चष्मा. कमरेला दोर, छातीत भरून घेतलेला दम, आणि पाय वर करून सरळ खाली. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी डी.एड. करून मास्तर झालो आणि तो मोटारींत शिरला, पण रविवारी आणि सुट्टीत त्याचा दोर धरायला मीच जायचो. त्याच्या उस्तादाने घालून दिलेले नियम होते. खाली माणूस आहे तोवर दोर धरणाऱ्याने बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, तोंडात काही टाकायचं नाही. एकदा हिवाळ्यात मी खिशातल्या शेंगा खात उभा होतो. तो वर आला, केसांतलं पाणी झटकलं आणि म्हणाला, "मी खाली दम धरून राहिलो अन् तू वर चावून राहिला? माझाच दम खाऊन राहिला की रे, मास्तर." त्यानंतर मी कधी खिशात काही ठेवलं नाही. खरं सांगतो, शिकवण्याचं कामसुद्धा मी दोर धरण्याइतकं मन लावून केलेलं नाही.

दुसरा नियम त्याचा स्वतःसाठी होता. विहिरीतून रिकाम्या हाताने वर यायचं नाही. वस्तू सापडली तर वस्तू, नाही तर तळाचा मूठभर गाळ. तो गाळ मालकासमोर काठावर ठेवायचा, म्हणजे हा माणूस अर्ध्यातून परत आला नाही, तळाला हात लावून आला, याची खूण. मालकही मग वाद घालत नसे. कित्येकदा तर इस्माईल तो गाळ बोटांत चोळून सांगायचा की अजून दोन हात खोदा, खाली झरा आहे, आणि असायचा. मुठीतल्या गाळावर त्याची सगळी पत होती.

आता त्या सहलीचं सांगतो, कारण हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे. मी नुकताच निवृत्त झालो होतो. इस्माईलची मुलगी नसरीन तेव्हा अंदमानात, पोर्ट ब्लेअरच्या एका दवाखान्यात नर्स होती. अब्बा, इकडचं पाणी बघायला या, असा तिचा धोशा होता. इस्माईलने अट घातली की मास्तर आला तरच येईन. दोरवाल्याशिवाय मी पाण्याजवळ जात नसतो, म्हणाला. असे आम्ही दोघे अठ्ठावन्न वर्षांचे बाप्ये पहिल्यांदा विमानात बसलो. विमान समुद्रावर आल्यावर त्याने खिडकीला नाक लावलं ते उतरेपर्यंत काढलं नाही. मधेच एकदा वळून मला गंभीरपणे म्हणाला, "मास्तर, याला काठच न्हाई. दोर कुठं उभं राहून धरशील?"

नसरीनने आम्हाला बोटीने ज्या बेटांकडे नेलं ती सगळी संरक्षित. माणूस राहत नाही, मासेमारी नाही. बोटीत चढायच्या आधी वनरक्षकाने आमच्या पिशव्या उघडून प्लास्टिक बाजूला काढलं आणि सांगितलं की बेटावरून, पाण्यातून काहीही उचलायचं नाही. शिंपला नाही, मेलेल्या प्रवाळाचा तुकडा नाही, वाळूसुद्धा नाही. इस्माईलने मान डोलावली. त्याच्यासाठी तो नियम किती अवघड आहे हे त्या वेळी त्याच्या किंवा माझ्या लक्षात आलं नाही.

पाण्यात नेणारी मुलगी बंगाली होती, मौशुमी नावाची. डॉक्टरचे कागद नसरीनने आधीच करून ठेवले होते. अंगाला घट्ट काळा पोशाख, पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. बोटवाल्याने आमच्याच कॅमेऱ्याने त्या वेशात माझा एक फोटो काढला. इस्माईलचाही काढणार होता, पण तो तोवर पाण्यात उभा होता. तो फोटो लक्षात ठेवा. छातीइतक्या पाण्यात मौशुमीने आम्हाला शिकवायला घेतलं. पहिला नियम, दम रोखायचा नाही, श्वास सतत चालू ठेवायचा. इस्माईल पुन्हा पुन्हा दम रोखायचा. ती म्हणाली, "चाचा, साँस रोकना मना है." हा तोंडातली नळी काढून म्हणाला, "बेटी, मेरा तो धंदाइच साँस रोकने का है." ती इतकी हसली की तिलाच काच वर करून डोळे पुसावे लागले. उभ्या आयुष्याची सवय त्याने अर्ध्या तासात मोडली... पूर्ण नाही, पण खाली जाता येईल इतकी.

आणि मी? पाण्याखाली डोकं घातलं, काचेत थोडं पाणी शिरलं, आणि मी नळी थुंकून उभा राहिलो. छातीइतकंच पाणी होतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी इस्माईलचा दंड असा काही धरला की पोशाखाखालीही त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले. मौशुमी शांतपणे म्हणाली, चाचा, आप बोट पर आराम कीजिए. मी शिडीवरून वर चढलो. पाण्यात फक्त इस्माईल गेला, मौशुमीबरोबर, आणि मी बोटीवर बसून राहिलो. हे वाक्य लिहायला मला चौदा वर्षं लागली.

तो वर आला आणि डाव्या हाताने त्याने शिडी धरली. मग उजव्या हाताचा तळवा माझ्यासमोर उघडून दाखवला. "मास्तर, हात रिकामा हाय." तळाला टेकल्याबरोबर सवयीने त्याने वाळूची मूठ भरली होती. मौशुमीने त्याच्या मनगटावर हळूच टिचकी मारली, बोटाने नाही-नाही केलं, आणि त्याने मूठ सोडली. विहिरीतून नाही तर समुद्रातून, पण तळाला जाऊन तो पहिल्यांदाच काही न घेता वर आला होता. खाली फोटो काढणारं कुणी नव्हतं. तो खरोखर कासावीस झाला होता. म्हणाला, "आता तुला खूण काय देऊ? तू बस. सगळं सांगतो, एक बी सोडत न्हाई. सांगणं हीच खूण समज."

आणि तो सांगत सुटला. परतीच्या बोटीत, नसरीनच्या खोलीवर, जेवताना, दुसऱ्या दिवशी विमानतळावर. मी वहीत लिहून घेत होतो. प्रवाळ म्हणे हळकुंडं उभी रोवल्यासारखे, काही तर उकडलेल्या हळदीच्या रंगाचे. पिवळ्या माशांचा थवा असा वळतो, की केळीच्या बागेत वारा शिरला आणि सगळी पानं एकदम उलटी झाली. पोपटाच्या चोचीचा एक मासा दगड खातो आणि पाण्याखाली त्याचा आवाज ऐकू येतो, जित्राब कडबा चावतं तसा. एका खडकापाशी मोठमोठे मासे तोंड उघडून रांगेत उभे, आणि बोटभर मासे त्यांच्या जबड्यात शिरून दात साफ करून राहिले, "न्हाव्याच्या दुकानात बसल्यावानी, मास्तर, अन् कुणी मधे घुसून न्हाई राहिलं. आपल्याकडं रेशनला बी एवढी शिस्त न्हाई." निळ्या ओठांचा परातीएवढा शिंपला इस्माईलची सावली पडली तसा मिटला. पाकट मासा वाळूतून उठला तर वाळत घातलेलं गोणपाट वाऱ्याने उचलल्यासारखा. आणि एक म्हातारं कासव, समुद्रातल्या गवतात चरत होतं. त्याने मान वर करून इस्माईलकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागलं. इस्माईलला त्याचं फार सुख वाटलं होतं. म्हणाला, "पाव्हणा समजलं न्हाई मला. गावातलाच समजलं."

घरी आल्यावर मी पेपरच्या याच पुरवणीसाठी लेख लिहायला बसलो. पहिला खर्डा प्रामाणिक होता. इस्माईलने हे पाहिलं, इस्माईलला असं वाटलं. वाचून पाहिला तर मला तो लांबचा वाटला, दुसऱ्याच्या घरचं लग्न ऐकल्यासारखा. मग एका ठिकाणी 'मी' केलं. वाचायला बरं वाटलं. मग दुसऱ्या ठिकाणी केलं. दुपारपर्यंत सगळ्या लेखात इस्माईल फक्त एका वाक्यात उरला, 'सोबत माझे बालमित्र होते' असा. संपादकांनी फोटो मागितला, मी काळ्या पोशाखातला पाठवला. यात संपादकांचा काही दोष नाही. लेख गाजला. हळकुंडांच्या आणि न्हाव्याच्या दुकानाच्या उपमा लोकांना फार आवडल्या. भाषा मातीतली आहे, असं मला पत्रं लिहून कळवलं. माती इस्माईलची होती.

लेख आला त्या आठवड्यात मी डोंगरकड्याच्या रस्त्यालाही गेलो नाही. शेवटी तोच औंढ्याला आला. पेपर घडी करून खिशात होता. मी चहा टाकायला सांगितला आणि नजर चुकवत बसलो. त्याने पेपर उलगडला, बोट ठेवून म्हणाला, "मास्तर, एक चूक झाली. कासव उजवीकडून आलं होतं, तू डावीकडून लिहिलं." बस्स. पेपर परत घडी करून त्याने खिशात घातला आणि चहा पिऊन हळदीच्या भावाबद्दल बोलत राहिला. मी इतका हलका झालो की त्याची माफी मागायचंही राहून गेलं. त्याला वाईट वाटलं नाही, असं मी ठरवून टाकलं. ठरवणं सोयीचं होतं.

मग शाळाशाळांतून बोलावणी आली. साखऱ्यापासून डोंगरकड्यापर्यंत मी समुद्रावर बोलत हिंडलो, लोक मला समुद्रगुरुजी म्हणू लागले. आणि इस्माईल बहुतेक ठिकाणी यायचा! शेवटच्या रांगेत, मुलांच्या छोट्या बाकावर गुडघे वर करून बसायचा. मी काही विसरलो की हात वर करायचा. "गुरुजी, ते पाकटाचं राहिलं." मुलं वळून बघायची, हा कोण म्हातारा. माझ्या अंगाला घाम फुटायचा आणि तो मजेत हसायचा. कार्यक्रम झाल्यावर मोटारसायकलवर मागे बसून मला सांगायचा की आज शिंपला चांगला झाला, पण पोपटमाशाचा आवाज तू नीट काढत नाहीस. मग रस्ताभर तो आवाज काढून दाखवायचा. शेतातली माणसं मान वर करून बघायची. ते दिवस फार सुखाचे होते, हे लिहिताना मला लाज वाटते, पण होते. मला वाटतं, त्यालाही तेच हवं होतं, पुन्हा पुन्हा ते ऐकणं... निदान मला तसं वाटायचं.

इस्माईलच्या शोकसभेत एका वक्त्याने म्हटलं की समुद्रगुरुजींना त्या साहसात साथ देणारा मित्र गेला. मी पहिल्या रांगेत होतो. उठलो नाही. पाय होते, आवाजही होता, उठलो नाही.

त्याच्या चाळिसाव्या दिवशी गेलो तेव्हा जेवणं उरकल्यावर भाभींनी मला दुकानात बोलावलं. नसरीन आता नोकरी सोडून इकडेच आली आहे, तिची मुलगी सानिया डोंगरकड्याच्याच शाळेत सहावीत आहे. वर्गात बाईंनी घरातल्या एका माणसाबद्दल बोलायला सांगितलं होतं. सानिया म्हणाली, माझे नाना समुद्राच्या तळाशी गेले होते. वर्ग हसला. मागच्या वर्षीच मी त्या शाळेत बोलून आलो होतो. मुलं म्हणाली, ते गुरुजी गेले होते, तुझे नाना विहिरीत जायचे. मेलेल्या माणसाच्या नावाने थापा मारू नकोस.

"पोरगी घरी येऊन मला विचारून राहिली," भाभी म्हणाल्या, "की नानी, नाना खरंच गेले होते का. ते होते तोवर मी कधी तोंड उघडलं न्हाई, त्यांनी मना केलं होतं. आता ते न्हाईत सांगायला. तुमीच सांगा, मी तिला काय सांगू?"

मी विचारलं, त्याला वाईट वाटलं होतं का. भाभींनी टेबलावरचा टेस्टर उचलून डब्यात ठेवला. म्हणाल्या, "वाटलं ना. पेपर आला त्या दिवशी जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवशी म्हणले, मास्तर पाण्याला भिला अन् आता खरं सांगायला बी भिऊन राहिला. त्याला दोन-दोनदा काहून भिववायचं. अन् गेले तुमच्याकडं, चहा प्यायला."

चौदा वर्षं मी त्याच्या मोठ्या मनाच्या गोष्टी सांगत होतो आणि त्या एका उपाशी रात्रीचा मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन सहावीच्या वर्गात गेलो. सानिया खिडकीपाशी बसली होती, माझ्याकडे न बघता. मी फळ्यावर काही लिहिलं नाही, चित्रं दाखवली नाहीत. उभं राहून सांगितलं की समुद्रात इस्माईल शेख उतरले होते, सानियाचे नाना. मी भ्यालो आणि बोटीवर बसलो. जे जे मी तुम्हाला सांगितलं ते सगळं त्यांनी पाहिलेलं आहे, मी फक्त ऐकलेलं आहे. मग एका मुलाने विचारलं, म्हणजे तुम्ही खोटं बोलले? मी म्हणालो, हो. एवढा छोटा शब्द, त्यासाठी मी किती वर्षं आडवळणाने चाललो होतो. सानिया आता माझ्याकडे बघत होती. ती रागावली असेल असं मला वाटलं, आणि तिला तो हक्क होता. पण तिने हात वर केला. तिच्या आजोबांसारखाच, कोपरातून सरळ.

"मग नाना खाली होते तेव्हा तुम्हाला वरून काय दिसत होतं?"

इतक्या वर्षांत, इतक्या शाळांत, हे मला कुणी विचारलं नव्हतं. विचारणार कसं. आणि मीही ते कधी लिहिलं नव्हतं, कारण लेखातला मी बोटीवर बसलोच नव्हतो ना! मी तिला सांगू लागलो. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की हे मला वहीतून पाठ करावं लागत नाही.

मी तिला सांगितलं की मला बुडबुडे दिसत होते. पाण्याखालच्या माणसाचा श्वास बुडबुडे होऊन वर येतो, हे बोटवाल्याने दाखवलं. दोन जागी येत होते. एका जागचे एकसारखे, घड्याळासारखे, ते मौशुमीचे. दुसऱ्या जागचे मात्र बराच वेळ यायचेच नाहीत, आणि मग ताटाएवढे पांढरे बुडबुडे धडाधड वर. तो अजून दम रोखत होता, मला वरून कळत होतं. मी बोटीच्या काठाला धरून उभा होतो. हळूहळू मधला खंड कमी होत गेला आणि त्याचेही बुडबुडे एका चालीत येऊ लागले, तेव्हा मला कळलं की त्याला तिथं बरं वाटू लागलंय. ते बुडबुडे खडकाकडे गेले, मीही बोटीच्या त्या टोकाला गेलो. ते एका जागी खूप वेळ थांबले, मीही थांबलो. मग ते परत फिरून थेट बोटीखाली आले, आणि अचानक सगळं पाणी पांढरं होऊन उकळल्यासारखं झालं, भसाभस, थांबेचना. मी घाबरून मौशुमीच्या नावाने ओरडलो. बोटवाला हसून म्हणाला, कुछ नहीं, चाचा हँस रहे हैं नीचे. वर आल्यावर मी इस्माईलला विचारलं, तर म्हणाला, काही न्हाई रे, एका बोटभर माशाने आपल्या घरासमोरून मला हुसकून लावलं, मला हसू आलं.

बोटवाल्याचं ऐकून मी पोटावर आडवा झालो होतो आणि बोटीच्या कडेवरून हात खाली सोडला होता. त्याचं हसू खालून वर येत होतं आणि माझ्या तळव्यावर फुटत होतं. गार होतं, आणि गुदगुल्या होत होत्या. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.